कुटार घाट चढेल तेव्हा

दिवाळी उलटून आठवडा झाला की अकोल्याहून अकोटला जाणारा रस्ता कुटारानं भरून जातो. सोयाबीनची काढणी आटोपलेली असते, मळणीयंत्रं शेताशेतांतून फिरून गेलेली असतात आणि त्यांच्या मागे पिवळट भुशाचे ढीग उरतात. काही ढीग ट्रॉलीत भरून, वरून जुनं लुगडं नाही तर जाळी बांधून गावाकडे चाललेले असतात. काही मात्र शेतातच पेटवून दिलेले दिसतात. पहाटेच्या गारव्यात तो धूर वर चढत नाही, जमिनीला धरून पसरतो. बसच्या खिडकीतून हात बाहेर काढला तर हाताला त्याचा वास लागतो.

मी निघालो होतो मेळघाटाकडे. जंगलात राहून, जंगल न संपवता ढोरं कशी पाळायची, हा प्रश्न तिथले गवळी आणि कोरकू आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या सोडवत आले आहेत. आता तो अवघड झाला आहे, आणि का झाला ते मला त्यांच्या गोठ्यात बसून समजून घ्यायचं होतं. पण त्या उत्तराचा एक मोठा तुकडा डोंगर दिसायच्या आधीच, सपाटीवर, माझ्यासमोर जळत होता. तेव्हा तो मला ओळखता आला नाही.

गांधीग्रामला पूर्णा ओलांडली. नदीच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा आहे. काळी, खोल, कसदार जमीन, पण विहिरीचं पाणी खारं. ते पिकाला चालत नाही. म्हणजे विहिरीच्या जोरावर लसूणघास किंवा नेपिअर लावावं आणि दावणीला हिरवा चारा टाकावा, ही सोय इथे नाही. या कोरड्या मुलखानं आपल्याजोगं जनावर घडवलं, ती पूर्णाथडी म्हैस. रंगानं भुरी, अंगानं आटोपशीर, ऊन सोसणारी. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांत ती आढळते. पूर्वी तिला नागपुरी म्हशीचाच एक प्रकार मानत, आता तिला स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर मान्यता मिळाली आहे. कडबा, तुरीचं आणि हरभऱ्याचं कुटार, वरून थोडी सरकीची ढेप एवढ्यावर ती दूध देते.

अकोटच्या अलीकडे एका फाट्यावर चहाला थांबलो. शेजारी एक म्हातारे शेतकरी होते. कडब्याच्या गंज्या कुठे दिसत नाहीत, असं मी सहज म्हणालो. ते म्हणाले, "ज्वारीच नाई राह्यली त कडबा कुठून येईन भाऊ? सोयाबीन आलं, कडबा गेला. मंग ढोरं गेले." वऱ्हाडात हायब्रिड ज्वारीचं राज्य होतं, ते दिवस त्यांनी पाहिले होते. ज्वारी माणसाला भाकर देत होती आणि ढोराला वर्षभराचा कडबा. कपाशी आणि सोयाबीन दोन्ही पैशाची पिकं. कपाशीची पराटी ढोरं खात नाहीत, सोयाबीनच्या कुटारात काडी जास्त. शिवाय गावची ई-क्लास जमीन, म्हणजे चराईसाठी राखलेली सरकारी जमीन, बऱ्याच गावांत अतिक्रमणांनी आक्रसली. घरचा चारा संपला, गावचं कुरण संपलं, तेव्हा ढोरांची तोंडं डोंगराकडे वळली.

अकोटहून उत्तरेला गेलं की नरनाळ्याचा किल्ला डोक्यावर घेऊन सातपुड्याची रांग उभी राहते. तिच्या पलीकडे मेळघाट. १९७३-७४ साली देशात पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले, त्यांतला हा एक. साग, धावडा, तिवस, मोह, सालई यांचं पानगळीचं जंगल. कर्कवृत्ताच्या थोडं दक्षिणेला असलेलं हे उष्ण कटिबंधातलं रान आहे. पावसाळ्यात ते हिरवंगार दिसतं आणि होळीपासून मृगापर्यंत पार उघडं पडतं. इथल्या गुरांचं सगळं गणित त्या उघड्या तीन महिन्यांचं आहे. पावसाळ्यात कोणाचंही ढोर जगतं. वैशाखात कोणाचं जगतं, ते बघायचं असतं.

बोरी, कोहा आणि कुंड ही गाभ्यातली तीन गावं २००१ नंतर उठून या पायथ्याला, अकोटच्या बाजूला आली. नंतर आणखी गावं आली. पुनर्वसनाच्या पैशाचे, जमिनीचे, पाण्याचे प्रश्न आहेत आणि त्यांवर संघर्षही झालेला आहे, तो झाकता येत नाही. पण गाव उठल्यावर त्या जागेचं काय झालं, हे गवताच्या अंगानं पाहण्यासारखं आहे. माणसं गेली म्हणजे कुरण आपोआप येतं, असं होत नाही. गोठ्यांच्या आणि आखराच्या जागी वर्षानुवर्षं शेण-मूत साचलेलं असतं, तिथे पहिल्यांदा तरोटा आणि रानतुळस माजतात. दोन्ही कोणी तोंडाला लावत नाही. ती बी धरायच्या आत उपटावी लागतात, मग चांगल्या गवताचं बी फेकावं लागतं, आणि दोन-तीन पावसाळे धीर धरावा लागतो. मेळघाटात ही कामं झाली. चिखलदऱ्याच्या महाविद्यालयात शिकवणारे गवताचे अभ्यासक डॉ. गजानन मुरतकर यांनी वनरक्षकांना गवत ओळखायला शिकवलं, कुरणांची आखणी सांगितली. आज त्या जुन्या गावठाणांवर सांबर आणि रानगवे चरतात.

अंजनगाव सुर्जीवरून परतवाड्याला पोचलो तेव्हा दुपार झाली होती. परतवाड्यापासून जवळच, डोंगराच्या पायाशी पायविहीर नावाचं कोरकूंचं छोटं गाव आहे. गावालगतचं जंगल एकेकाळी जवळजवळ उघडं पडलं होतं. परतवाड्याची 'खोज' संस्था गावाबरोबर उभी राहिली. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली गावानं दावा केला आणि २०१२ मध्ये सुमारे १९० हेक्टरवर सामूहिक हक्क मिळवला. मग रोपं लावली, पाणी अडवलं, जंगलाची राखण सुरू केली. सीताफळ एकत्र विकून ग्रामसभेनं पैसा उभा केला. २०१४ साली या गावाला भारत जैवविविधता पुरस्कार मिळाला.

गावामागच्या त्या टेकडीवर मी तासभर चाललो. गवत मांडीपर्यंत आलं होतं. ते कापून भारे बांधणारी एक बाई भेटली. मी विचारलं, "मावशी, ढोरं इथं का नाही सोडत?" ती हसली आणि पायाखालचं एक झुबकं हातानं बाजूला करून दाखवलं. आत, बोटभर उंचीचं कोवळं रोप होतं. "सोडलं त हे जाते," ती म्हणाली आणि विळा चालवू लागली. गवत घरी जातं, रोप जागेवर राहतं. चराईचं अख्खं शास्त्र त्या एका झुबक्यात मला दिसलं.

ते शास्त्र असं आहे. गवत पहिल्या पावसावर फुटतं ते मुळातल्या साठ्यावर. त्या सहा-आठ आठवड्यांत ढोरानं ते खाल्लं तर मूळ उपाशी राहतं, आणि दरवर्षी असंच झालं तर चांगलं गवत मरतं. चांगलं म्हणजे मारवेल, पवन्या. त्यांच्या जागी कुसळी वाढते, तिची कुसळं ढोराच्या तोंडाला टोचतात. कुसळीही संपली की तरोटा आणि रायमुनिया. म्हणून रानाचे तीन-चार भाग पाडावेत, दरवर्षी एक भाग पूर्ण विसाव्याला ठेवावा, दुसरा बी पडेपर्यंत राखावा, आणि उरलेल्यात मोजकी ढोरं फिरवावीत. बी पडल्यावर कापलेल्या गवतानं रानाचं काही बिघडत नाही, उलट उन्हाळ्यातल्या वणव्याला खाद्य कमी मिळतं. याला मोठी गुंतवणूक लागत नाही. विळा लागतो, आणि कापलेलं गवत ठेवायला पत्र्याचं छप्पर.

दुसऱ्या दिवशी सकाळी घाट चढलो. परतवाडा ते चिखलदरा तीस-पस्तीस किलोमीटर. मोहाची झाडं संपत जातात, हवा पातळ होते, आणि अकराशे मीटरच्या आसपास एकदम पठार उघडतं. इथून गाविलगडाची तटबंदी दिसते. डिसेंबर १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीनं तो मराठ्यांकडून घेतला, पंधराव्या शतकात बहामनी सुलतानानं तो बांधला. पण नाव मात्र त्याच्याही आधी इथे मातीची गढी घालून राहिलेल्या गवळ्यांचं टिकलं. या डोंगरावर राज्यं आली-गेली, आणि दूध काढणारी माणसं त्यांच्या आधीपासून होती, हे त्या नावातच लिहिलेलं आहे.

चिखलदऱ्याजवळचं मोथा हे गवळ्यांचं गाव. अलीकडे इथे स्ट्रॉबेरीची रोपं वाफ्यावाफ्यांत दिसतात, पण घरामागे गोठा अजून आहेच. मी ज्या घरी गेलो तिथे खव्याची भट्टी चालू होती. पसरट लोखंडी कढईत सकाळचं दूध. बाई सराट्यानं तळ खरवडत होत्या. हात क्षणभरही थांबत नव्हता. थांबला की खाली लागतं. दूध आधी फसफसून वर आलं, मग बसलं, मग रबडीसारखं दाट झालं, मग कडेनं तूप सुटल्यासारखी चमक आली आणि बघता बघता पांढऱ्याचं बदामी झालं. मी त्या पूर्ण वेळात एकच गोष्ट मोजत होतो, ती म्हणजे भट्टीत सरकवलेली लाकडं. एक ओंडका संपला की दुसरा. एक किलो खव्याला साधारण पाच लिटर दूध आटवावं लागतं, म्हणजे जवळपास चार लिटर पाण्याची वाफ करायची. ती वाफ करतं जंगल.

घरातले आजोबा शेजारी खाटेवर बसले होते. मी विचारलं, "आजोबा, दूधच का नाही विकत?"

"विकतो ना. सिझनमंदी हॉटेलवाले घेतात. सिझन सरला, पर्यटक गेला, मंग रोजचं दूध कोण नेईन? नासून जाते. खवा दोन दिवस टिकते." ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पयले रानात चार महिने वाडा टाकून राहत होतो. आता रान बंद. ढोरं तेवढेच, जागा थोडी. म्हणून गाय दीड लिटर देते. चारा इकत आणा म्हणता, दीड लिटरमंदी चारा कसा इकत घ्यावा?"

गवळ्याची कोंडी त्या प्रश्नात आहे. दूध कमी म्हणून चारा परवडत नाही. चारा नाही म्हणून दूध कमी. कमी दुधाची भरपाई करायला ढोरांची संख्या जास्त ठेवावी लागते. जास्त ढोरांनी रान खुंटतं. आणि जे दूध होतं ते शहरात पोचत नाही, म्हणून पुन्हा रानाचंच लाकूड जाळून त्याचा खवा करायचा. जंगल दोनदा जातं, एकदा गव्हाणीत आणि एकदा कढईखाली. यात गवळ्याचा लोभ कुठेच नाही. त्याच्या हाताशी दुसरा मार्ग ठेवलेला नाही, एवढंच आहे.

ही गाठ सोडवायची तर एका टोकाला ओढून भागत नाही. नुसती चराईबंदी केली तर ढोरं रात्री चरतात. नुसती जास्त दुधाची संकरित गाय दिली तर या उतारावर, या उन्हात, गोचिडांमध्ये ती टिकत नाही. आजोबांनी सांगितलेल्या अडचणी एकेक करून घेतल्या तर उपायही त्यांच्या गोठ्यातच सापडतात. दूध थंड करणारी टाकी गावात आली आणि रोज घाट उतरणारी गाडी ठरली, तर भट्टी रोज पेटवावी लागणार नाही. चार-पाच ढोरांच्या शेणावर घरचा गोबरगॅस चालतो आणि तेवढी ढोरं इथे प्रत्येक दारात आहेत. व्याघ्र प्रकल्पाभोवतीच्या गावांसाठी राज्यानं २०१५ साली डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना आणली. तिच्यातून गॅस घराघरांत आला, पण खवा आटवण्याइतका गॅस विकत घेणं घराला झेपत नाही. म्हणून गोबरगॅस आणि शीतकरण ही जोडी हवी.

आणि चारा? दर शंभर किलो गव्हांड्यावर किंवा भाताच्या पेंढ्यावर चार किलो युरिया पाण्यात विरघळवून शिंपडला, थर दाबून ताडपत्रीखाली एकवीस दिवस हवाबंद ठेवला, की तो चारा मऊ होतो, जास्त पचतो. पशुवैद्यक हे सांगत आले आहेत. माप चुकवायचं नाही, उघडल्यावर वास उडू द्यायचा, आणि लहान वासरांना द्यायचा नाही, एवढी शिस्त पाळावी लागते. पावसाळी मक्याचा मुरघास पिशव्यांत भरून ठेवता येतो. शेताच्या बांधावर सुबाभूळ, शेवरी, हादगा, अंजन लावता येतात.

सुबाभळीचं नाव निघालं तसा माझा विचार थेट समुद्रापार गेला. १९६७ मध्ये उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी 'बाएफ' उभी केली, आणि पुढे तिनं सुबाभूळ गावोगाव पोचवली. हेच झाड आज कोलंबियात गुरांच्या कुरणात रांगांनी लावतात. खाली गवत, मध्ये सुबाभूळ, वर सावलीची मोठी झाडं. गाय एका वाफ्यात एक-दोन दिवस चरते आणि पुढे सरकते. कमी जमिनीत जास्त दूध, आणि उरलेली जमीन पुन्हा जंगलाला. ब्राझीलमध्ये वीस कोटींहून जास्त गुरं आहेत. अमेझॉनचं तोडलेलं जंगल बहुतेक करून त्यांच्या कुरणासाठीच जातं. त्या कुरणांवरची पांढरी नेलोर गाय आंध्रातल्या ओंगोलची वंशज आहे. आपल्याच देशातून गेलेली ही गाय तिथे जंगलाची शत्रू ठरली, कारण तिथे जमीन फुकटासारखी होती. पण ब्राझीलच्याच पारा राज्यातल्या पॅरागोमिनास तालुक्यानं मनावर घेतलं तेव्हा, २००८ साली जंगलतोडीच्या काळ्या यादीत गेलेला तो तालुका २०१० मध्ये बाहेरही आला. गाय तीच होती. माणसांनी जमिनीचा हिशेब बदलला.

आपल्याकडची मोजमापं लहान आहेत, म्हणून काम सोपं असायला हवं. मेळघाटच्या गवळ्याकडे हजार एकरांचं कुरण नाही. त्याच्याकडे आठ-दहा ढोरं आहेत. मध्यम गाईला दिवसाला आठ-नऊ किलो कोरडा चारा लागतो. उन्हाळ्यातले दोन महिने धरले तरी एका ढोरामागे पाच क्विंटल. आणि खाली, दोन तासांच्या अंतरावर, अकोटच्या रस्त्यावर तोच चारा पेटलेला मी कालच पाहिला होता. सोयाबीनचं कुटार एकट्यानं चांगलं नाही, पण तुरीच्या, हरभऱ्याच्या कुटारात मिसळून, पाण्याचा हबका मारून दिलं तर ढोरं आवडीनं खातात. सपाटीवर ते जाळायला मजूर लागतो आणि डोंगरावर त्याच्यावाचून रान मरतं. मधे आहे फक्त एक घाट. ज्या दिवशी कुटाराची ट्रॉली नोव्हेंबरात घाट चढेल आणि गावच्या छपरात उतरेल, त्या वर्षी मार्चनंतर जंगलात जाणारी ढोरं कमी होतील. बाजार समिती, दूध संघ, ग्रामसभा आणि वनविभाग यांनी मिळून ही एक फेरी बसवली, तरी पुष्कळ झालं.

तिसऱ्या दिवशी सेमाडोहवरून हरिसालला उतरलो. सिपना नदीच्या काठानं रस्ता जातो. एका वळणावर ढोरांचा कळप आडवा आला. गळ्यातल्या लाकडी टापरांचा पोकळ आवाज आधी ऐकू आला, मग ढोरं. कंडक्टरनं सांगितलं, पुढच्या गावी बाजार आहे, घुंगरू बाजार.

दिवाळीनंतरचे आठवडी बाजार मेळघाटात या नावानं ओळखतात. गावोगाव ढोरं राखणारे थाट्या, मूळचे गोंड, त्या दिवशी पगडीला तुरा लावून, घुंगरू बांधून, लांब बासऱ्या घेऊन येतात. ढोल वाजतो, गोल धरून नाचतात, दुकानादुकानासमोर जातात आणि प्रत्येकजण काहीतरी देतो. वर्षभर गावानं ज्याच्या हाती आपली ढोरं सोपवली, त्याचा हा मान. उन्हात उभा राहून मी ती बासरी बराच वेळ ऐकली. ढोरांना हाकारायचीच ती बासरी आहे.

नाच संपल्यावर एका म्हाताऱ्या थाट्याशी बोललो. जंगलाचा कोणता भाग कधी फुटतो, कुठल्या नाल्यात उन्हाळ्यातही पाणी राहतं, वाघाची वाट कोणती, कुठे तरोटा माजला आहे, हे सगळं त्याला तोंडपाठ होतं. मी विचारलं, एखादा उतार वर्षभर राखायचा म्हटलं तर राखता येईल का? तो म्हणाला, "गावानं सांगितलं त राखतो. ढोरं माह्याच मागं चालतात."

रानाइतकीच काळजी ढोरांच्या आजाराची आहे. लाळ्या-खुरकताची लस वर्षातून दोनदा मोफत मिळते. २०२२ मध्ये लम्पी त्वचारोगानं वऱ्हाडातले बरेच गोठे रिकामे केले, तेव्हा कळपातला आजार रानगव्यांपर्यंत जाऊ नये ही धास्ती सगळ्यांनी अनुभवली. लस, कुरण, कुटार, दुधाची गाडी, यांतली प्रत्येक गोष्ट शेवटी या थाट्याच्याच हातातून जाते. सकाळी आखरावरून कळप डावीकडे वळवायचा की उजवीकडे, हे तो ठरवतो. गावानं त्याच्या मोलात थोडी भर टाकून राखलेल्या उताराची जबाबदारी त्याला दिली, तर चराईचा आराखडा कागदावरून रानात उतरेल. ढोराला घरी पोटभर मिळालेलं असेल, तरच तो कळप त्या उतारावरून परत फिरवू शकेल.

बाजार मोडला. म्हाताऱ्या थाट्यानं घुंगरू सोडून पिशवीत घातले, बासरी कमरेला खोचली आणि ढोरं आणायला नाल्याकडे निघून गेला. परतीच्या वाटेवर, अकोट ओलांडल्यावर, जाताना पेटलेलं पाहिलं होतं तेच शेत लागलं. ढीग जळून गेला होता, जागेवर काळं वर्तुळ उरलं होतं. बांधाच्या पलीकडच्या शेतात मात्र अजून एक ढीग उभा होता.